कंडक्टरचं पुढं काय झालं

आमच्या अणदूरच्या वाचन मंडळात सात माणसं आहेत आणि पुस्तक एकच असतं. हातातलं संपल्याशिवाय दुसरं आणायचं नाही, असा नियम रेवणसिद्ध गुरुजींनी घालून दिलाय. श्रावणात पोथी लावतात तसं आमचं वाचन चालतं: एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि बिभीषणकाकांनी अर्थ सांगायचा. अर्थ सांगा, असं काकांना कुणी म्हटलेलं नाही. पण गावात पोथीचा अर्थ सांगण्यात त्यांचा जन्म गेला, आता त्यांना थांबता येत नाही. मागच्या वर्षी आम्ही एक परदेशप्रवासाचं पुस्तक वाचलं. त्यात 'विमान उशिरा सुटलं' असं एक साधं वाक्य होतं. काका म्हणाले, "म्हणजे, सुटायची वेळ जीवाच्या हातात नसती." त्या दिवसापासून कमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विमानात बसायचा विषय बंद केला. तसा तो कधी निघालाही नव्हता.

बैठक दर रविवारी दुपारी, दूध संकलन केंद्रात. सकाळचं दूध गेलेलं असतं, संध्याकाळचं यायचं असतं. पंखा चालू आणि बसायला पालथे कॅन. केंद्राची चावी धनाजीकडं, कारण दुधाची गाडी तोच चालवतो.

धनाजी माझा मित्र. नववीला आम्ही तुळजापूरच्या एका वसतिगृहात होतो. तिथं त्यानं एकदा लायब्ररीतून 'उतरलेला कंडक्टर' नावाची कादंबरी आणली. गोष्ट साधी आहे. एसटीचा एक कंडक्टर आडरानातल्या थांब्यावर चहा प्यायला उतरतो. ड्रायव्हरला वाटतं, चढला. गाडी निघून जाते. कंडक्टर हाक मारत नाही. चहा संपवतो, तिकिटाची पेटी काखेत मारतो आणि शेतातून चालायला लागतो. एक कुत्रं त्याच्या मागं लागतं. वाटेत जो भेटेल त्याला तो तिकीट फाडून देत जातो.

वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर बसून आम्ही ती वाचायचो. एक पान त्यानं, एक पान मी. बरोबर मध्यावर आलो. कंडक्टर नदीच्या काठावर उभा, कुत्रं पाण्यात उतरलेलं, आणि रेक्टरनं खालून हाक मारली. पुस्तक जप्त. कंडक्टर तिथंच उभा राहिला.

सुट्टीत गावाकडं आलो तेव्हा आम्ही दोघांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला. आमच्याकडं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. सरपंचकीची मतंसुद्धा लोक त्यावरच बांधून घेतात. आमचा शब्द असा होता की पुढचं वाचायचं तर दोघांनी मिळून, एकट्यानं नाही.

त्याला दहा वर्षं झाली. कंडक्टरचं पुढं काय झालं असेल, हा या दहा वर्षांतला आमचा मुख्य उद्योग. मोटरसायकलवर, लग्नाच्या पंगतीत, धनाजीच्या वडलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर. मी शेवट सांगायचो, तो ऐकायचा. एकदा मी कंडक्टरला आमदार केला. एकदा त्याला हैदराबादेत बिर्याणीचं दुकान टाकून दिलं आणि गल्ल्यावर कुत्र्याला बसवलं. धनाजी दर वेळी थोडा विचार करायचा आणि म्हणायचा, "होऊ शकतंय."

यंदा उन्हाळ्यात सोलापूरला एका रद्दीवाल्याकडं मला ते पुस्तक सापडलं. तिथंच उभ्याउभ्या मी पुढची अर्धी पानं सुतळीनं बांधून घेतली, वाऱ्यानं उलटली म्हणजे काय घ्या. रद्दीवाला म्हणाला, "रद्दी बांधतेत भाऊ, पुस्तक न्हाय बांधत कुणी."

अडचण एकच होती. दिवाळीनंतर धनाजी चाकणला कंपनीत जाणार होता. तोवर आठवडाभर दुधाची गाडी. मोकळा वेळ म्हणजे रविवारची दुपार, आणि ती मंडळाची. तेव्हा मंडळानं यंदा 'उतरलेला कंडक्टर'च निवडला पाहिजे. नाहीतर धनाजी चाकणला, मी इथं सातबारे काढून द्यायच्या दुकानात, आणि कंडक्टर जन्मभर नदीच्या काठावर.

पुस्तक दाखवलं तेव्हा धनाजी सुतळीकडं बघत राहिला.

"लई जाडं हाय," एवढंच म्हणाला.

समोरून बिभीषणकाकांनी 'शेळी: एक सखोल विचार' हे पुस्तक उभं केलं. ते बिनविरोध येईल अशी त्यांची अपेक्षा होती, कारण त्यात चित्रं होती.

निवडणूक म्हटल्यावर सहल आली. सरपंच निवडायच्या आधी मेंबर लोकांना लांब नेऊन ठेवतात, म्हणजे ते समोरच्या पार्टीला सापडत नाहीत. मीही माझं पॅनल मोटरसायकलवर घालून माकणीच्या धरणावर नेलं. पॅनल म्हणजे धनाजी आणि करिश्मा. करिश्मा माझी चुलतबहीण, पोलीस भरतीची तयारी करते. तिनं रीतीप्रमाणं आमचे फोन काढून घेतले. काकांकडून कुणालाही फोन आलेला नव्हता, पण रीत म्हणजे रीत.

धरणाजवळ भजी खाता खाता मी नवा शेवट सांगितला. कंडक्टर नदी ओलांडतो. पलीकडं त्याचीच एसटी उभी. त्याची वाट बघत थांबलेली, आणि आतले सगळे पॅसेंजर म्हातारे झालेले.

धनाजी पहिल्यांदाच 'होऊ शकतंय' म्हणाला नाही.

"हे लई भारी हाय, मल्ल्या," म्हणाला. मग बराच वेळ पाण्याकडं बघत बसला. मला वाटलं, चाकणचा विचार करत असेल.

"मत पक्कं ना?" करिश्मानं विचारलं.

"भजी गार व्हायलेत," धनाजी म्हणाला. आम्ही ते 'हो' असं धरलं.

पुढच्या रविवारी मतदान. हात वर करून. गुरुजी अध्यक्ष, ते बरोबरी झाली तरच मत देणार.

"उतरलेला कंडक्टर," गुरुजींनी पुकारलं.

माझा हात वर. करिश्माचा वर. धनाजी पंख्याकडं बघत होता. मीही पंख्याकडं बघितलं. नेहमीचाच होता. मी गुडघ्यानं धनाजीला ढोसलं. तो ढोसल्यासारखा हलला आणि परत बसला.

"शेळी."

काकांचा हात, काकूंचा हात आणि आणखी एक हात. तो कुणाचा हे ओळखायला मला वेळ लागला. त्या मनगटावरचं घड्याळ मीच त्याला वाढदिवसाला दिलं होतं.

"धन्या," मी म्हणालो, "हात चुकीच्या वक्ताला गेलाय तुझा."

"न्हाय."

"शेळीला गेलाय."

"व्हय."

"तुझ्याकडं शेळी न्हाय."

"घ्यावी म्हणतोय."

"चाकणला?"

गुरुजींनी टेबल म्हणून ठेवलेल्या खोक्यावर थाप मारली. "शांतता. म्हाळसाबाई, तुमी कुठंच हात केला न्हाय."

म्हाळसाआजींचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. त्यांना वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

"आदी एक सांगा मला. त्या कंडक्टरच्या मागं कुत्रं हाय म्हनं. त्ये मरतं का? मरत आसंल तर म्या न्हाय ऐकायची. माजं वाघ्या गेलं औंदा."

"आजी, आमी अर्धंच वाचलंय," मी म्हणालो. "नदीत उतरलंय, एवढंच ठाऊक हाय."

"न्हाय मरत, आजी," धनाजी हळूच म्हणाला. "पलीकडं निघतंय ते. पार शेवटपतोर त्याच्यासंगं ऱ्हातंय."

काही वाक्यं कानात चढतात, पण त्यांना बसायला जागा मिळत नाही, म्हणून थोडा वेळ दांडी धरून उभी राहतात.

आजी खुलल्या. "मग माजं कंडक्टरला!"

तीन विरुद्ध तीन. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

"धन्या, तुला कसं ठाऊक?"

"काय?"

"कुत्रं."

"अंदाज."

"अंदाज म्या सांगतो, तू ऐकतूस. तुला कवापासून अंदाज यायलेत?"

तो कॅनची कडी वरखाली करू लागला. मग म्हणाला, "सुट्टीवरनं परत गेलो ना आपण, त्याच आठवड्यात. रेक्टरच्या कपाटातनं काढलं. वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे बिर्याणीचं दुकान सांगितलं तवा तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आमदार?"

"व्हय."

"दवाखान्याच्या बाकड्यावर?"

त्यानं कॅनची कडी सोडली. त्या वेळी त्याचे वडील आत होते. मी चार तास शेवटामागून शेवट सांगत बसलो होतो, म्हणजे त्याचं लक्ष तिकडं जाऊ नये. आणि तो नुसता होऊ शकतंय, होऊ शकतंय म्हणत होता.

"पण तुमी बेलभंडारा उचलला होता ना?" काकांनी विचारलं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीच सांगत फिरलो होतो.

"उचलला होता, काका," धनाजी म्हणाला. "पण तवा पौष होता."

मुद्दा बिनतोड होता. आमचा खंडोबा वर्षभर अणदूरला नसतो. मूर्ती एकच आणि देवळं दोन. थंडीत दोनएक महिने देव पालखीत बसून नळदुर्गला राहायला जातो आणि मग परत येतो. दोन्ही गावांचा तसा लेखी करार आहे. पौषात अणदूरच्या देवळात देव नसतो.

"म्हणजे शपथ रिकाम्या गाभाऱ्यापुढं झाली," गुरुजी म्हणाले. "लागू हाय का न्हाय, हे आदी ठरवावं लागंल."

पुस्तकाचा विषय तिथंच थांबला आणि मंडळाचं कोर्ट झालं.

"लागू हाय," काका म्हणाले. "साहेब रजेवर आसला तरी अर्ज घेतेतच की हाफिसात."

"घेतेत, पण सही व्हत न्हाय," कमलकाकू म्हणाल्या. त्यांनी सहीपायी बऱ्याच चकरा मारलेल्या आहेत.

"आन् देव नळदुर्गात आसंल तर हद्द तिकडची," करिश्मा म्हणाली. "गुन्हा तिकडं नोंदवा लागंल."

"देव गावाला गेला म्हनून घराची दारं सताड टाकून जातो का मानूस?" म्हाळसाआजी म्हणाल्या. "त्येची जागा आसतीच की तितं."

मी धनाजीकडं बघितलं. "देव न्हाय, हे तुला शपथ घेताना ठाऊक होतं?"

"आख्ख्या गावाला ठाऊक असतंय, मल्ल्या."

"मलाबी होतं. म्हणून तर म्या दोन्ही ओंजळी भरून भंडारा घेतला. नळदुर्गातनं दिसावा म्हणून."

पंखा एकदा खडखडला.

"बरं, वाचलंस तर वाचलंस," मी म्हणालो. "शेळीला मत का दिलंस?"

धनाजीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "कंडक्टर निवडला आसता तर दर पानाला मला नवल वाटल्यासारखं कराय लागलं आसतं. तुझ्यासमोर. दिवाळीपतोर."

"दहा वर्षं केलंस की."

"दहा वर्षं नुसतं ऐकायचं होतं. तुझे शेवट मला खरंच ठाऊक नसायचे."

गुरुजींनी निकाल दिला. ज्या सभासदानं पुस्तक गुपचूप आधीच वाचलंय, तो त्या निवडीत हितसंबंधी ठरतो, सबब त्याचं मत बाद. तीन विरुद्ध दोन. कंडक्टर निवडून आला. काकांनी खिलाडूपणानं माझ्या कपाळाला गुलाल लावला. गुलाल त्यांनी शेळीच्या विजयासाठी आणलेला होता, वाया जायला नको म्हणून सगळा लावला. इतकी वाईट जीत मी आजवर कुठल्याही वॉर्डात बघितलेली नाही.

करिश्मानं पुस्तक घेतलं आणि सुतळी सोडून टाकली. "आता कशाला बांधलंय, दादा? ज्याच्यापासनं जपायचं होतं, त्यानं कवाच उघडलं."

वाचन श्रावणात सुरू झालं. पुस्तक मी सुचवलेलं, म्हणून वाचणारा मीच. धनाजी समोरच्या कॅनवर. त्याच्याशी मी दुधाच्या फॅटपलीकडं बोलत नव्हतो, आणि माझ्याकडं दूध नव्हतं. मनाला एवढंच समजावलं होतं की पुढचं अर्धं त्यानं एकट्यानं वाचलं तर वाचलं. निदान पहिलं अर्धं आमचं आहे. टाकीवरचं. ते तरी दोघांनी मिळून, एकाच वेळी, पहिल्यांदा वाचलं होतं.

कंडक्टर चहा प्यायला उतरला. काका म्हणाले, "म्हणजे, जीव संसारात उतरला." कंडक्टरनं चहाचे पैसे दिले. काका म्हणाले, "म्हणजे, भोग फेडला." म्हाळसाआजी म्हणाल्या, "कुत्रं कवा येतंय?"

कुत्रं दुसऱ्या रविवारी आलं. कंडक्टर त्याला तिकीट फाडून देतो, ती जागा. आधी तो कुत्र्याचे दात बघतो, मग बराच विचार करतो, आणि मग अर्धं तिकीट फाडतो, कारण कुत्र्याचं वय बारा वर्षांच्या आत असतं. मी अजून दातांपाशीच होतो. सहज वर बघितलं. धनाजी डावा गाल आतून चावून बसला होता.

यात नवल काही नाही. त्याला ही जागा ठाऊक होती, मलाही होती. पण ते चावलेल्या गालाचं तोंड मी आधी बघितलेलं होतं. टाकीवर, याच पानाला. तेव्हाही वाचत मीच होतो. तेव्हाही मी दातांपाशी होतो, अर्धं तिकीट दोन ओळी पुढं होतं, आणि तो असाच गाल चावून, हसायच्या तयारीत. त्या वेळी मला वाटलं होतं, मुंगी चावली असेल. टाकीवर मुंग्या फार होत्या.

मी वाचायचा थांबलो.

"दात बघितले, पुढं?" आजी म्हणाल्या.

"धन्या," मी म्हणालो. "टाकीवर वाचलं तवा तुझंबी पहिल्यांदाच होतं ना?"

त्यानं गाल सोडला.

"म्या इचारतोय."

"तू चुलत्याच्या लग्नाला गेलतास बघ, दोन दिवस," तो म्हणाला. "तवा आणलं होतं म्या ते. त्या दोन दिवसांत वाचलं."

"कुठपतोर?"

"पार शेवटपतोर."

"आन् रेक्टरचं कपाट?"

"ते खोटं सांगितलं. कपाटाला कुलूप असायचं."

"म्हणजे बेलभंडारा उचलला तवा..."

"तवा वाचून झालं होतं. मोडायला काय उरलंच नव्हतं, मल्ल्या. देव आसता तरीबी."

करिश्मानं तोंडावर हात ठेवला. धनाजी खाली फरशीकडं बघत बोलत राहिला. "एकट्यानंच वाचत होतो खोलीवर. या अर्ध्या तिकिटापशी इतकं हसू आलं की दम लागला. आन् मग बघतो तर खोलीत कुणीच न्हाय. म्हणलं, मल्ल्या आला की त्याला वाचाय लावायचं. म्हणून परत दुसऱ्यांदा काढून आणलं."

"मग सांगायचं की तवाच. वाचलंय म्हणून."

"सांगितलं आसतं तर तू माझ्याकडं बघत बघत हसला आसतास. पुस्तकाला न्हाय."

हे खरं असेल. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता. दुसरं अर्धं गेलंय, हे मी महिनाभर पचवत होतो. आता पहिलंही गेलं. आम्ही दोघांनी मिळून वाचलेलं असं एकही पान जगात उरलं नाही. टाकीवर मी एकटाच वाचत होतो आणि शेजारी एक प्रेक्षक बसला होता, तिकीट न काढता.

"म्हणजे..." बिभीषणकाकांनी सुरुवात केली.

"गप बसा वो," कमलकाकू म्हणाल्या. मंडळाच्या इतिहासात अर्थाशिवाय गेलेलं ते पहिलं पान.

मी अर्धं तिकीट वाचलं. आजी खळखळून हसल्या, गुरुजींचा चष्मा नाकावरून घसरला, करिश्मालाही हसू आवरलं नाही. धनाजी हसला नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारपासून मी त्याला माझ्या पाठीमागच्या कॅनवर बसवलं. समोर बसला की मला पुस्तक दिसायचं नाही, त्याचं तोंड दिसायचं. पुढं काय येणार हे तिथं आधीच लिहिलेलं असायचं. तो मुकाट्यानं मागं जाऊन बसायचा. एकही रविवार चुकवला नाही त्यानं. एकदा दुधाची गाडी नळदुर्गजवळ बंद पडली, तर दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन आला आणि धापा टाकत मागं बसला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. काकांनी सांगितलं.

असं करत करत आम्ही मध्यावर आलो. नदीचा काठ. दिवाळी दोन दिवसांवर, आणि त्याच्यानंतर चाकण. केंद्राच्या बाहेर त्याच्या गाडीत ठेवलेली बॅग मी येताना बघितली होती. नवी होती, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

कंडक्टर काठावर उभा राहिला. कुत्रं पाण्यात उतरलं. त्या ओळीवर पान संपलं. दहा वर्षं मी त्या ओळीवर उभा होतो. पलीकडच्या पानावर काय आहे, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माझ्या पाठीमागं होता.

"मल्ल्या," मागून आवाज आला. "म्या भाईर जाऊन बसू का? हे पान तरी तू..."

आजी माझ्याकडं बघत होत्या. तो बाहेर गेला असता तर ते पान मला पहिल्यांदा, नीट, कुणाच्या आधी-मागं न होता वाचता आलं असतं. पण मग ते मी पुन्हा एकट्यानंच वाचलं असतं.

"बस गप," मी म्हणालो.

कॅन करकरला. तो बसला. मी बोट ओलं केलं आणि पान उलटलं. अजून एक अक्षरही वाचलं नव्हतं, तोच माझ्या पाठीमागं कुणीतरी नाक ओढलं.

"काय झालं रं?" म्हाळसाआजींनी घाबरून विचारलं.

"अजून न्हाय झालं, आजी," मी म्हणालो, आणि वाचायला लागलो.